दाबाची खोली

आमचे हे इस्पितळात दाबाची खोली चालवतात. खोली कसली, आडवं लोखंडी पिंपच ते, माणूस झोपेल एवढं आणि बाजूला गोल काच. खोल समुद्रात उतरणाऱ्या पाणबुड्यांसाठी आणलेलं. ऑक्सिजनचा मास्क लावून माणूस आत, हे बाहेर, हात चाकावर, डोळे दाबाच्या काट्यावर. दिवसभर माइकवर एकच वाक्य, "कान दडपले की आवंढा गिळा." घरी आम्ही त्यावरून यांची यथेच्छ टिंगल करायचो. काट्याकडे बघत बसायचा पगार मिळतो, म्हणायचे मी.

मग एका सकाळी माझी धाकटी बहीण न्हाणीघरात पडलेली सापडली. खिडकी बंद, गॅसचा गीझर चालू. गाल इतके गुलाबी, की मला वाटलं, नुसती चक्कर आलीय. यांनी ते गाल पाहिले आणि यांचा चेहराच उतरला.

"गीझरचा विषारी वायू रक्तात ऑक्सिजनची जागा अडवून बसलाय," अँब्युलन्समध्ये हे म्हणाले. "म्हणून ती गुलाबी दिसतेय."

"मग काढा ना बाहेर."

"ओढून निघत नाही गं तो. पण आत सारखी देवघेव चालू असते. एक कण सुटतो, दुसरा बसतो. आपण दाब वाढवून ऑक्सिजनची गर्दी करायची, म्हणजे सुटलेल्या जागेवर तोच बसेल."

इस्पितळात डॉक्टरांनी होकाराची मान हलवली, मास्क लावून तिला आत सरकवलं, दार लागलं. यांनी चाक फिरवलं, तेही किती सावकाश. काटा दोनच्या, म्हणजे दुप्पट दाबाच्या, पुढे जाऊन थांबला.

"अहो, वाढवा की अजून." मी यांच्या अंगावरच धावून गेले.

"एवढा पुरे. आता तिचं रक्तच करेल काय ते." यांनी चाकावरून हात काढला.

मी काचेला नाक लावून उभी राहिले. आत काही म्हणता काही हलत नव्हतं. आणि तरी तिच्या रक्ताच्या थेंबाथेंबात अगणित जागा बदलत होत्या, कुणी बोट न लावता, बाहेरचा एक काटा सरकला म्हणून. भीती होतीच, पण त्याहून मोठं नवल वाटत होतं. वीस वर्षं मी याची चेष्टा केली होती.

तासाभरानं तिच्या पापण्या हलल्या. स्पीकरमधून घोगरा आवाज आला, "ताई, कान दुखतायत गं."

यांनी माइक तोंडाशी नेला, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांनी तो माझ्या हातात दिला.

"कान दडपले की आवंढा गिळायचा, बाळा," मी म्हटलं.

तिनं गिळला.