कासमभाईंचं पिठाचं मापटं

कासमभाई गेले, हे मला साताऱ्यात, मी काम करतो त्या छापखान्यात कळलं. कोरेगावचे एक गृहस्थ लेकीच्या लग्नपत्रिका छापायला आले होते. नाकाला उपरणं लावून म्हणाले, "तुमचा त्यो भट्टीवाला गेला की. दम्यानं. भला माणूस." भला! याच गृहस्थांनी भर बाजारात त्यांना पीठचोर म्हटलेलं मी या कानांनी ऐकलंय. महिना उलटला, तरी तो 'भला' माझ्या घशाखाली उतरत नाही.

कासमभाईंची भट्टी कोरेगावच्या बाजारात. दिवाळीला, ईदला लोक पीठ, तूप, साखर घरून आणत आणि नानकटाई भाजून नेत. माणूस फटकळ, आपल्या नानकटाईची फुशारकी मारणारा. पण लढाईत रेशन आलं आणि तीच नानकटाई भट्टीत पसरायला लागली, हातात घेतली की भुगा. लोक म्हणाले, कासम पीठ मारतो.

खरी गोष्ट काय होती? कार्डावर लिहिलेलं असे वजन, दुकानदार देई मापट्यानं. गव्हाचं मापटं किती भरतं, ते त्यानं एकदा तोलून ठेवलेलं. पुढे गव्हाऐवजी पीठ आलं, तरी मापटं तेच! अहो, गहू जड, पीठ हलकं. तेवढ्याच मापट्यात ते वजनाला कमीच भरणार. तूप मात्र तोलून आणलेलं, पुरं. मग नानकटाई पसरेल नाही तर काय? आणि घरोघर पोटाला कमी पडत होतं, ते वेगळंच.

कासमभाई ज्याचं पीठ त्याच्यासमोर तोलून दाखवत. "बघा आवं, येतानाच कमी हाय." त्यावर हेच लग्नपत्रिकावाले गृहस्थ म्हणाले, "तुझा तराजूच चोर हाय!" एरवी तोंडाला तोंड देणारे कासमभाई त्या दिवशी तराजू उचलून आत गेले. नंतर मला म्हणाले, "गड्या, बापाच्या भट्टीला चोराची भट्टी म्हणत्यात रं."

मग त्यांनी एका मापट्याच्या काठावर पत्र्याची पट्टी सांधून घेतली. गव्हाच्या मापट्याइतक्या वजनाचं पीठ मावेल, एवढं ते उंच केलं. ते घेऊन आम्ही रेशनच्या दुकानासमोर उभे राहिलो. मी पत्रकं वाटत होतो, ते पीठ मोजून दाखवत होते. बायका थांबून बघायला लागल्या, तेवढ्यात मापं तपासणारा साहेब आला. दुकानातल्या मापट्यावर सरकारी शिक्का, म्हणून ते खरं. यांच्या मापट्यावर नाही, म्हणून खोटं. "सायेब, येकदा तोलून तर बघा!" साहेबानं तोललं नाही. खिळा ठोकून बुडाला भोक पाडलं आणि निघून गेला. लोकांना ते भोक तेवढं दिसलं.

परवा कोरेगावला गेलो. भट्टी आता त्यांच्या पत्नी, जैनबभाबी, चालवतात. ओट्यावर तेच गृहस्थ, लेकीच्या रुखवतातल्या नानकटाईसाठी रेशनचं मापटंभर पीठ घेऊन. "भाबी, त्या उंच मापट्यानं मोजा. किती कमी हाय ते तरी कळंल."

भाबींनी मापटं उलटं करून भोक त्यांच्यापुढे धरलं. "ह्येच ना आवं, चोराचं माप?" गृहस्थांनी पिठाची पिशवी पुढे सरकवली. भाबींनी भोकावर बोट दाबून पीठ ओतलं, सगळं ओतलं... ते पट्टीच्या खालीच थांबलं.