बाहेरचा हात

निवृत्ती रंगनाथ पगारे नौदलात नेमकं काय करतो, हे नाशिकरोडच्या वसाहतीत कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. बोटीवर असतो, एवढंच लोक सांगत. खरं तर कित्येक वर्षांत त्याचा पाय बोटीला लागला नव्हता. मुंबईतल्या एका तळावर गुप्तवार्ता विभागाच्या दोन खोल्या होत्या, तिथे तो पेटी ऑफिसर, म्हणजे पीओ, होता. बायकोला, मालनबाईला, त्याने 'कचेरीत काम' एवढंच सांगितलेलं. तीही खोदून विचारत नसे. शेजारणींना म्हणायची, "घरी आले की सगळ्यांचं ऐकून घेतात, स्वतःचं काही सांगत नाहीत. चला, निदान चहाड्या तरी करत नाहीत कुणाच्या."

निवृत्तीला ते ऐकून मनातल्या मनात कसंतरीच व्हायचं.

कारण त्याचं काम बाहेरून बघणाऱ्याला चहाडीसारखंच दिसलं असतं. शत्रूच्या बोटी शोधणारी माणसं वेगळी होती. याच्याकडे आपलीच माणसं होती. संध्याकाळी मेसमध्ये बसायचं, कॅरम खेळायचा, कोण कशावर चिडलंय, कुठे काय शिजतंय ते ऐकायचं आणि सकाळी कमांडर साहेबांच्या कानावर घालायचं. हे करताना निवृत्तीने स्वतःची एक समजूत करून घेतली होती. घरात कुणाला ताप आला तर तो आधी आईला कळतो, मग वैद्याला. तळावरचा ताप आपल्याला आधी कळावा आणि साहेबांनी वेळीच औषध द्यावं. एवढ्यासाठीच आपण आहोत, असं तो मानायचा.

बहात्तरचा दुष्काळ लांबत लांबत त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात आला. तळावर महाराष्ट्रातली पोरं पुष्कळ. घरून येणारी प्रत्येक खबर वाईट. कुणाची गुरं छावणीत, कुणाची आई खडी फोडायला. आणि नेमका तेव्हाच मोठा सराव जवळ आला म्हणून सगळ्यांच्या सुट्ट्या बंद झाल्या. निवृत्तीने कमांडर साहेबांना सांगितलं की पोरं आतून धुमसतायत, निदान दुष्काळी भागातल्यांना आळीपाळीने सोडा. काही दिवसांनी पुन्हा सांगितलं. साहेब दोन्ही वेळा मान हलवून "बघतो" म्हणाले.

मग सिन्नरकडच्या एका नौसैनिकाचा बाप दुष्काळी कामावर ऊन लागून गेला. तार तळावर वेळेत आली, पण कचेरीतच पडून राहिली. त्याच्या हातात पडली तेव्हा गावी मातीदेखील होऊन गेली होती. तो माणूस रडला नाही. तार घडी करून खिशात ठेवली आणि बाकावर बसून राहिला. बघणाऱ्यांना मात्र ते सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाला एका माणसाने आपलं ताट पालथं घातलं. मग शेजारच्याने. बघता बघता सगळ्या मेसमधली ताटं पालथी झाली. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. सगळे हात मांडीवर ठेवून बसले. निवृत्ती त्यांच्यातच बसला होता. त्याचं ताट सरळ होतं, आणि आयुष्यात ताटाकडे बघायची लाज त्याला त्या दिवशी पहिल्यांदा वाटली.

कारखान्यात असं झालं असतं तर त्याला लोक साधा संप म्हणाले असते. लष्करात त्याला दुसरं नाव आहे आणि ते नाव कुणी मोठ्याने घेत नाही. शेहेचाळीस साली मुंबईच्या नौसैनिकांनी काय केलं होतं, ते तळावरचे जुने लोक विसरले नव्हते. संध्याकाळपर्यंत वरून समजूत घालणारे आले, सुट्ट्या सुरू करतो म्हणाले आणि रात्रीचं जेवण सगळे जेवले. प्रकरण तिथे मिटलं असं जेवणाऱ्यांना वाटलं.

वरच्यांच्या दृष्टीने ते तिथून सुरू झालं होतं. पहिलं ताट कोणी पालथं घातलं हे शंभर जणांनी पाहिलं होतं. तो नामपूरचा वाल्मीक भामरे, हुद्दा लीडिंग सीमन, कामाला वाघ आणि बोलायला सरळ. त्याच्याबद्दल आणखी एक गोष्ट निघाली. आठवडाभर आधी सुटीच्या दिवशी त्याला भेटायला नाशिकहून एक म्हातारा आला होता आणि त्याच्या सदऱ्यावर लाल बिल्ला होता. वर एकच शब्द घुमू लागला, बाहेरचा हात.

कमांडर साहेबांनी निवृत्तीला बोलावलं. "पगारे, तुम्ही त्याच जिल्ह्याचे. साध्या कपड्यांत जा. घर बघा, हा म्हातारा कोण ते बघा."

निवृत्ती "येस सर" म्हणाला. वाल्मीकला तो चांगला ओळखत होता, हे त्याने सांगितलं नाही. सुटीवर जाता-येता वाल्मीक नाशिकरोडला उतरून त्याच्या घरी जेवायचा. मालनबाईला वहिनी म्हणायचा आणि तिच्या हातचा ठेचा डब्यात भरून न्यायचा.

नामपूरला पोचायला दुपार झाली. वाटेत मोसम नदीचं पात्र कोरडं ठणठणीत. ऐन हंगामात कांद्याच्या बाजारात माणसांपेक्षा कावळे जास्त. वाल्मीकची आई आक्काबाई ओट्यावर बसून बोरीच्या काट्या मोडत होती. "वाल्मीकचा दोस्त, नोकरीतला," असं त्याने सांगितलं आणि ते खोटं नव्हतं, हेच त्याला जास्त टोचलं.

"बरा शे ना मना पोऱ्या?" तिने विचारलं.

"बरा आहे, मावशी."

तिने आडनाव विचारलं. त्याने सांगितलं. म्हातारी क्षणभर थांबली, त्याच्याकडे नीट बघितलं, आणि मग आत जाऊन घरच्याच ताटात भाकरी आणि कुळथाचं पिठलं घेऊन आली. म्हणाली की वाल्मीकने लिहिलं होतं, नाशिकला एक वहिनी आहे, ती त्याला पोटभर जेवू घालते. तीच ना तुझी बायको? निवृत्तीने मान हलवली.

बोलता बोलता लाल बिल्लेवाल्याचाही पत्ता लागला. तो आक्काबाईचा सख्खा भाऊ होता, धोंडीराम. बायको नाही, मूल नाही, नाशिकला भद्रकालीच्या बाजूला एका खोलीत राहायचा आणि विडी कामगारांच्या युनियनचं काम बघायचा.

म्हणजे बाहेरचा हात खराच होता. परतीच्या गाडीत निवृत्ती त्याचाच विचार करत होता. साहेबांना हवं होतं ते आयतं सापडलं होतं. सरळ मुंबईला जाऊन सांगितलं असतं तरी कुणी विचारलं नसतं. पण तो नाशिकला उतरला आणि भद्रकालीची वाट धरली.

धोंडीराम युनियनच्या खोलीत बायकांच्या घोळक्यात बसला होता. पत्ती खराब दिल्याची तक्रार चालली होती. ते आटोपेपर्यंत निवृत्ती दाराशी उभा राहिला. बायका गेल्यावर म्हाताऱ्याने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. तीस वर्षं पोलीस मागावर असलेला माणूस तो. त्याला बूट बघूनच कळलं.

"बसा," तो म्हणाला. "मित्र म्हणून आलात का सरकार म्हणून?"

या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, हे निवृत्तीला नोकरीत शिकवलेलं होतं. ते त्याने दिलं नाही.

"सरकार म्हणून," तो म्हणाला. "मित्रही आहे. पण आत्ता सरकार म्हणून."

म्हातारा हसला. "मग खरं सांगायला हरकत नाही. मी गेलो होतो त्याला भेटायला. त्यानंच कळवून बोलावलं होतं. सुटी नाही, घरची काळजी, पोरं चिडलेली. मला म्हणाला, मामा, संप कसा करतात ते सांग."

"तुम्ही काय सांगितलं?"

"करू नको म्हणालो."

बाहेर कुणीतरी टांग्याला वाट करून देत ओरडत होतं. धोंडीरामने उठून दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "त्याला म्हटलं, आमचा संप मोडला तर आमच्या बाया पुन्हा सूप मांडीवर घेऊन विड्या वळायला बसतात. तुझा मोडला तर तू गजाआड. शिवाय तू शपथ घेतलेली. अर्ज करा, प्रत्येकानं वेगळा करा, पण एका जागी बसून नाही म्हणू नका. असं सांगून आलो. जन्मात एकाच माणसाला मी संप करू नको म्हणालो, आणि तो माझा भाचा. त्यानं ऐकलं नाही."

"तो सिन्नरवाल्याचा बाप गेला," निवृत्ती म्हणाला. "तार उशिरा दिली."

धोंडीरामला हे माहीत नव्हतं. तो म्हणाला, "मग मीही ऐकलं नसतं."

आता निवृत्तीपुढे पेच होता. म्हाताऱ्याचं म्हणणं पुरं सांगावं तर बाहेरचा हात नाहीसा होत होता, पण वाल्मीकने आठवडाभर आधी संपाचा विचार केला होता, हे सिद्ध होत होतं. रागाच्या भरात ताट पालथं घालणं वेगळं आणि आधी विचारून घालणं वेगळं. मामाची भेट लपवावी, तर ती फाटकावर नोंदलेलीच होती. उद्या दुसरा कुणी नाशिकला येईल, अर्धीच गोष्ट घेऊन जाईल, आणि भाचा तर अडकेलच, म्हाताराही अडकेल. त्या रात्री घरी मालनबाईने विचारलं, "भामरे भाऊजी बरे आहेत ना?" तो हो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

दुसऱ्या दिवशी त्याने कमांडर साहेबांपुढे उभं राहून सगळं सांगितलं. म्हातारा कोण, भाच्याने काय विचारलं, मामाने काय उत्तर दिलं. काही गाळलं नाही, काही जोडलं नाही. शेवटी म्हणाला, "सर, बाहेरचा हात होता, पण तो आडवा आला होता. आग आतलीच आहे. सुट्टीची आणि तारेची."

साहेब खिडकीबाहेर बघत होते. "सुट्टीचं तुम्ही आधी सांगितलं होतंत."

"हो सर."

"मीही वर सांगितलं होतं," ते हळूच म्हणाले. "हे आपल्या दोघांतच राहू दे."

त्यांनी आपल्या परीने केलं. वाल्मीकवरचा बंडाचा खटला टळला, तुरुंग टळला. पण त्याला नोकरीतून काढून टाकलं, पेन्शन नाही की काही नाही. आणखी काही जणांच्या लांबच्या तळांवर बदल्या झाल्या. निवृत्तीलाही गुप्तवार्तेतून काढून कोचीनच्या भांडारात धाडलं. तिथे त्याने उरलेली नोकरी दोरखंड आणि रंगाचे डबे सांभाळण्यात काढली. त्याला ते बरंच वाटलं. वाल्मीक जाताना त्याला भेटला नाही. निवृत्ती नाशिकला जाऊन आला होता हे तळावर फुटलं होतं, आणि पुढचं ज्याने त्याने आपल्या मनाने ठरवलं होतं.

एकोणऐंशी साली तो निवृत्त होऊन घरी आला. सातपूरच्या एका कारखान्यात फाटकावर सुरक्षा अधिकारी म्हणून लागला. तिथल्या मॅनेजरला त्याची जुनी नोकरी कळली तेव्हा त्याने गोड बोलून सुचवलं, कामगारांत जरा कान ठेवत जा. निवृत्तीने विचारलं, "ऐकून सांगेन साहेब, पण सांगितलेलं तुम्ही ऐकणार का?" मॅनेजरने पुन्हा तो विषय काढला नाही.

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात धोंडीराम वारल्याची बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर आली. दहाव्याला निवृत्ती रामकुंडावर गेला. म्हाताऱ्याचा देवावर विश्वास नव्हता, पण बहिणीचा होता, म्हणून दहावा होत होता. विडी कामगार बायका पायऱ्यांवर दाटीने उभ्या होत्या. आक्काबाई थकली होती, पण तिने त्याला ओळखलं आणि हाताला धरून शेजारी बसवलं. वाल्मीक न्हाव्यासमोरून उठून आला, डोकं भादरलेलं, अंगाने भरलेला. तो आता नामपूरला कांद्याचा व्यापार बघायचा.

विधी उरकल्यावर तो निवृत्तीजवळ आला. जुन्या सवयीने म्हणाला, "पीओ साब." मग सरळ विचारलं, "माझं नाव तुम्ही दिलं होतं?"

"ताट तू पालथं घातलंस ते सगळ्यांनी पाहिलं होतं. मामाला तू काय विचारलंस, ते मात्र मी सांगितलं."

वाल्मीकचा चेहरा ताठ झाला.

"आणि मामाने तुला काय सांगितलं, तेही सांगितलं," निवृत्ती म्हणाला. "एक सांगितलं असतं आणि दुसरं नसतं, तर मामा तुरुंगात गेले असते. तुझी नोकरी त्यात गेली. ती मला वाचवता आली नाही."

वाल्मीक म्हणाला, "मामा म्हणायचा, तो माणूस सरकार म्हणून आलोय हे आधी सांगून मग बसला होता. मी त्याच्यावर चिडायचो. म्हणायचो, तू त्या हेराला बसवलंसच कशाला." मग त्याने विचारलं, "नंतर काही फरक पडला का तिथं?"

"पडला. तार आली की त्याच दिवशी हातात द्यायची, असा हुकूम निघाला. कोचीनलाही आला."

"मला हे कुणी कळवलं नाही."

"कोण कळवणार?"

दोघे पायऱ्या चढून वर आले. मैत्री पूर्वीसारखी जुळली असं म्हणता येणार नाही. पण पुढच्या उन्हाळ्यात वाल्मीक माल घेऊन नाशिकला आला तेव्हा नाशिकरोडला वळला. मालनबाईने दार उघडलं, क्षणभर ओळखलं नाही, मग आत वळून म्हणाली, "अहो, कोण आलंय बघा," आणि त्याच्या पानाची तयारी करायला गेली.