पोनिराचं बरं तर बरं

वावटळीत पोनिराच्या घराची अर्धी कौलं उडाली, तेव्हा ती अंगणात उभी राहून उघड्या पडलेल्या वाशांकडे बघत म्हणाली, "बरं तर बरं, वाळत घातलेली सोयाबीन मी आधीच आत घेतली होती." शेजारची मार्सिती कौलांचे तुकडे वेचत होती. तिने हातातला तुकडा टाकला आणि कमरेवर हात ठेवून हसत सुटली. डोक्यावरचं छप्पर गेलं आणि ही बाई सोयाबीनची खुशाली सांगते, हे तिने नंतर बाजारात चार जणींना सांगितलं.

मेरापी डोंगराखालच्या आमच्या गावात असं बोलणारी पोनिरा काही एकटी नव्हती. आम्ही जावा बेटावरची माणसं सगळीच थोडीफार अशी. कुणाचा पाय मोडला तर मान शाबूत राहिली म्हणून आधी आनंद मानायचा, ही इथली रीतच. पण बाकीच्यांना ते म्हणायला जरा वेळ लागतो. आधी कळ येते, कण्हून होतं, मग ते वाक्य येतं. पोनिराचं वाक्य कळेच्या आधी हजर असायचं. डोंगराने राख ओकली आणि भाजीचे वाफे गाडले गेले, तर ही म्हणणार, "बरं तर बरं, पुढच्या पिकाला खत घालायला नको." लोक तिची चेष्टा करायचे, पण घरात काही वाईट घडलं की तिलाच बोलवायचे. तिच्या तोंडून ते एक वाक्य ऐकलं की माणूस निदान उठून चूल तरी पेटवायचा.

ती तेंपे करून विकायची. सोयाबीन शिजवायची, टोपलीत घालून ओढ्याच्या पाण्यात पायांनी तुडवून सालं काढायची, पुन्हा शिजवून गार करायची, विरजण लावायची आणि केळीच्या पानात पुड्या बांधून ठेवायची. दोन दिवसांत दाणे पांढऱ्या बुरशीने एकमेकांना धरून बसतात आणि घट्ट वडी तयार होते. वडी जास्त राहिली तर काळवंडते, वास मारते. आमच्याकडे ती फेकत नाहीत. तीच मिरचीबरोबर वाटून, नारळाच्या दुधात शिजवून तुंपांग करतात आणि बोटं चाटत खातात. नासलेल्या वडीचंसुद्धा काहीतरी होतं, मग बाकी कशाचं का होऊ नये, असा पोनिराचा साधा हिशेब होता.

तिचा नवरा सकिमान गुळासाठी नारळीचा रस काढायला झाडावर चढायचा. एका सकाळी पाय निसटला आणि कंबर गेली. बघायला आलेल्यांना पोनिरा म्हणाली, "बरं तर बरं, आपल्याच झाडावरून पडला. दुसऱ्याच्या झाडावरून पडला असता तर त्या मालकाला किती ओशाळल्यासारखं झालं असतं."

सकिमान अंथरुणावरून म्हणाला, "मग परत चढू का? या खेपेला अजून नीट बघून पडतो."

दोघं हसली. पावसाळा संपायच्या आत तो गेला. फार खितपत पडला नाही ते बरं तर बरं, असं पोनिरा येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती आणि चहा देत होती. त्यांची एकुलती एक मुलगी विनार्सिह तेव्हा शाळकरी होती. ती दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. सगळे गेल्यावर तिने विचारलं, "माक, तुला रडू येत नाही?"

"येतं की," आई म्हणाली. "पण मयतावर अश्रू पडले तर जाणाऱ्याचं पाऊल अडतं, न्दुक, माझ्या पोरी."

"आता तर पुरून झालं."

"आता तेंपे बांधायचेत. उद्या बाजार आहे."

मोठी झाल्यावर विनार्सिह सेमारांगला कपड्यांच्या कारखान्यात लागली. तिथल्याच हार्सोनोशी तिचं लग्न झालं. हार्सोनो साधा मुलगा, मोटारसायकलवर जीव टाकणारा. पहिल्या बाळंतपणाला ती आईकडे आली आणि मुलगी झाली. हार्सोनोने रीतीप्रमाणे बाळाबरोबर पडलेली वार स्वतःच्या हाताने धुतली, मडक्यात ठेवली, सोबत मीठ, सुई-दोरा आणि पोर हुशार व्हावी म्हणून पेन्सिलीचा तुकडा घातला. मुलगी म्हणून दाराच्या डाव्या अंगाला मडकं पुरलं, वर टोपली पालथी घातली आणि टोपलीखाली विजेचा दिवा लावला. वार म्हणजे बाळाचं धाकटं भावंड. त्याला सुरुवातीचा महिनाभर अंधारात एकटं ठेवायचं नसतं.

पाचव्या दिवशी बारसं होतं. त्यासाठी पोनिराने कोंबडा बोलून ठेवला होता. आदल्या सकाळी विनार्सिहने बाळाला अंगावर घेतलं तर ते गार होतं.

घरात बायका जमल्या. विनार्सिह बाळावर वाकली, तेव्हा पोनिराने तिला खांद्यांना धरून मागे ओढलं. "डोळे पूस, न्दुक. तिच्यावर पडू देऊ नकोस." विनार्सिहने डोळे पुसले. मग कोणी काही बोलेना. ती शांतता पोनिराला सोसवली नाही. लेकीला कुठे तरी कोरड्या जागी ओढून काढावं म्हणून ती आपल्या सवयीने म्हणाली, "बरं तर बरं, अजून नाव ठेवलं नव्हतं."

बायकांनी माना हलवल्या. विनार्सिहने आईकडे बघितलं. तिने ओठ आत दुमडून घेतले आणि ते नंतर आईसमोर उघडलेच नाहीत. काही दिवसांनी ती हार्सोनोच्या मागे बसून सेमारांगला निघून गेली. जाताना तिने वाकून आईचा हात कपाळाला लावला नाही. आमच्याकडे भांडून निघालेलं माणूसदेखील तेवढं करून जातं.

ईद आली, ती आली नाही. पुढच्या ईदलाही आली नाही. फोन हार्सोनो करायचा. कारखान्यात रजा मिळत नाही, रस्त्यावर गर्दी फार, असं काहीबाही सांगायचा. "बरं तर बरं, फोन तरी करतोस," पोनिरा म्हणायची. फोन ठेवला की ती बराच वेळ तिथेच बसून राहायची.

दाराजवळचा दिवा मात्र तसाच होता. बाळ गेलं त्या दिवशी हार्सोनो वायर ओढायला गेला, तेव्हा पोनिरा म्हणाली होती, आजचा दिवस राहू दे. मग तो दुसऱ्या दिवशी राहिला, तिसऱ्या दिवशी राहिला. दिवा जळून गेला की ती बाजारातून नवा आणायची. टोपली पावसाने कुजली तर दुसरी घालायची. एकदा मार्सिती न राहवून म्हणाली, "पोनिराताई, पोर गेली, वार मातीत मिसळून गेली. तू कुणाला उजेड दाखवतेस?"

"मलाच. रात्री न्हाणीकडे जावं लागतं ना. बरं तर बरं, हा दिवा आहे म्हणून पाय घसरत नाही."

न्हाणी घराच्या मागे होती आणि दिवा पुढे. मार्सिती त्या न्हाणीत शंभरदा पाय धुऊन गेली होती. तिने पदराने तोंड पुसलं आणि विषय मिरचीच्या भावावर नेला.

एका संध्याकाळी नवा दिवा बसवताना पोनिराला वाटलं, दोन शब्द बोलावेत. लहान मूल अंधारात झोपलेलं असलं की आपण दारातून हळूच हाक मारतो, तशी हाक मारावी. तिने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की हाक मारायला काहीच नाही. आपणच म्हणालो होतो, नाव नव्हतं ते बरं. नाव नसलं की विसरायला सोपं जाईल, असं तिला तेव्हा वाटलं होतं. तिला विसरता तर येतच नव्हतं, आणि हाकही मारता येत नव्हती. ती टोपलीपाशी मातीत बसून राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला आपल्या तोंडाचा राग आला.

मग तिला दुसरी गोष्ट आठवली. विनार्सिह पोटात होती, तेव्हा तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच पोनिराने तिला नाव दिलं होतं. ओढ्यात सोयाबीन तुडवताना त्या नावाशी गप्पा मारायची. पाचव्या दिवसाची वाट गाव बघतं, आई कशाला बघेल? हे आठवलं आणि त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

तिसऱ्या ईदच्या आधी हार्सोनोचा फोन आला. "माक, आम्ही येतोय. ईदच्या दुसऱ्या दिवशी."

"दोघं?"

"तीच म्हणाली, जाऊ या म्हणून."

पोनिराने घर सारवल्यासारखं लख्ख केलं. तेंपेच्या काही पुड्या मुद्दाम बाजारात नेल्या नाहीत. त्या काळवंडल्या पाहिजेत, विनार्सिहला तुंपांग फार आवडायचं. एकच काळजी राहिली होती, ती दिव्याची. दिवा बघून लेकीची जखम पुन्हा उघडली, आल्या पावली ती परत फिरली, तर? ती येईल त्या सकाळी काढून टाकायचा, असं पोनिराने ठरवलं. सकाळी टोपली उचलली, हात वायरपर्यंत नेला, आणि तो हात काही पुढे जाईना. ती तशीच उकिडवी बसली असताना फाटकात मोटारसायकल थांबली.

विनार्सिह उतरली. वाळली होती, केस कापले होते. तिने आईकडे बघितलं, आईच्या हाताकडे बघितलं, मग उन्हात फिकट जळणाऱ्या दिव्याकडे बघितलं.

"हे काय, माक?"

"काही नाही गं. रात्री न्हाणीकडे जायला..."

"न्हाणी मागे आहे."

"हो. मागेच न्यायचा होता," पोनिरा म्हणाली आणि टोपली पुन्हा पालथी घालून उठली.

विनार्सिह चपला काढून घरात गेली.

ईदला मोठ्यांनी खुर्चीत बसायचं आणि धाकट्यांनी गुडघ्यांवर येऊन त्यांच्या मांडीवर कपाळ टेकायचं, ही आमची पद्धत. धाकट्याने म्हणायचं, माझ्या सगळ्या चुका माफ करा. मोठ्याने म्हणायचं, मोठ्यांच्याही चुका होतात, मलाही माफ कर. ईदच्या दिवसांत हे इतक्यांदा म्हटलं जातं की शब्द जिभेवरून आपोआप घसरतात. आदल्या दिवशी पोनिराने ते सगळ्या गल्लीला म्हटलं होतं. आत्ताही हार्सोनो आला, टेकला, बोलला, तिने उत्तर दिलं. मग विनार्सिह गुडघ्यांवर बसली. आईच्या मांडीला कपाळ लागेल न लागेल असं टेकवून तिने ठरलेलं वाक्य कोरडेपणाने म्हटलं.

पोनिराची पाळी आली. वाक्य येईना. ती खुर्चीवरून घसरून खाली आली आणि लेकीसमोर जमिनीवर बसली. सासू खाली बसलेली बघून हार्सोनो गडबडला. मोटारसायकलीचं काहीतरी बघायचंय असं पुटपुटत तो बाहेर गेला.

"तिचं नाव काय होतं, न्दुक?"

विनार्सिह मागे सरकून बसली.

"तू ठेवलं होतंस. मला तेव्हाच कळायला हवं होतं. तुझं नाव मी तू पोटात असताना ठेवलं होतं आणि तरी मला कळलं नाही."

"आता कशाला पाहिजे?"

"मला तिला हाक मारता येत नाही."

विनार्सिहने खाली बघितलं. नखाने फरशीची फट टोकरत राहिली. मग म्हणाली, "वेनिंग."

"वेनिंग," पोनिरा म्हणाली. ते नाव तिने जिभेवर थोडा वेळ ठेवलं. लेकीचे खांदे हलायला लागले होते. ते बघून पोनिराची जीभ जुन्या सवयीने निघाली, "बरं तर बरं..." आणि तिथेच थांबली.

विनार्सिहने मान वर केली. "बोल ना. काय बरं? सांग."

"काही नाही," पोनिरा म्हणाली. "यात काही बरं नव्हतं, न्दुक. मी खूप शोधलं. काहीसुद्धा बरं नव्हतं."

आणि ती रडली. सकिमानसाठी राहिलेलं, नातीसाठी राहिलेलं, सगळं एकदमच आलं. विनार्सिहने आपलं डोकं आईच्या मांडीत खुपसलं. आईचे अश्रू तिच्या कापलेल्या केसांत पडत होते. इथे मयत नव्हतं, त्यामुळे कुणी कुणाला मागे ओढलं नाही.

दुपारी तिघांनी तुंपांग आणि भात खाल्ला. विनार्सिहने दोनदा वाढून घेतलं. मार्सिती कुंपणावरून डोकावून गेली आणि त्या दिवशी तिने बाजारात कुणाला काही सांगितलं नाही.

दिवेलागणीला पोनिरा उठली. "तो दिवा काढून टाकते आता. खूप दिवस झाले."

विनार्सिह तिच्या आधी दाराबाहेर गेली. टोपली वाऱ्याने तिरकी झाली होती, ती तिने नीट बसवली आणि कडेने माती दाबली. टोपलीच्या फटींमधून उजेड तिच्या हातांवर पडला होता.

"राहू दे, माक," ती म्हणाली. "मलाही रात्री उठावं लागतं. बरं तर बरं, दिवा आहे. न्हाणीकडे जाताना पाय घसरणार नाही."

हार्सोनो पायरीवर बसून मोटारसायकल पुसत होता. त्याने मान वर करून विचारलं, "पण न्हाणी तर मागच्या बाजूला आहे ना?"

पोनिराने वाकून टोपलीच्या दुसऱ्या कडेची माती दाबली.