मशीनखालची चिंधी

देवीदास रंगारी दारातल्या पायरीवर बसून अवजारांच्या पेटीवरचा क्यूआर कोड स्क्रूड्रायव्हरने खरवडत होता. कागद निघाला, पण चिकटा निघेना. त्याची मुलगी वसुधा आतून लॅपटॉप घेऊनच बाहेर आली.

"पप्पा, हे काय करून राहिले? आता लोक पैसे कसे देतील?"

"हाताने. दोन-दोन आहेत सगळ्यांना."

"मी लावलं होतं ते."

"म्हणून तर दोन वर्षं ठेवलं."

देवीदास शिलाई मशीनचा मिस्त्री. वय त्रेपन्न. बाप तुळशीराम भंडाऱ्याहून जबलपूरला आला, संरक्षण कारखान्यात लागला आणि घमापुरात दोन खोल्या बांधून गेला. देवीदासला कारखान्याची नोकरी मिळाली नाही. तो गोहलपुरात एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली राहिला आणि पुढची तीस वर्षं त्याच गल्ल्यांतून फिरला. तिथे घराघरांत, माडीमाडीवर सलवार-सूट शिवले जातात. कुठे चार मशीन, कुठे चाळीस. त्यातल्या निम्म्याहून जास्त मशीन त्याने कधी ना कधी उघडलेल्या आहेत.

त्याची एक पद्धत होती. काम झालं की फळीच्या खालच्या बाजूला, जिथे कोणी बघत नाही तिथे, पेन्सिलीने तारीख आणि काय केलं ते लिहायचं. 'सुईदांडा.' 'शटल घासलं.' 'काही नाही, फक्त साफ केलं.' मशीनखाली पाठीवर पडून वर पाहिलं की सगळं दुखणं वाचायला मिळे. डॉक्टरकडेही एवढा कागद नसतो, असं तो म्हणायचा.

फोनवरून पैसे देण्याला त्याचा विरोध नव्हता. विजेचं बिल तो स्वतः फोनवरून भरत होता आणि रांगेतून सुटलो म्हणून खुशही होता. त्याचा राग वेगळ्याच गोष्टीवर होता. नगद देणारा माणूस नोट देतो, मोकळा होतो. फोनवरून देणाऱ्याला मिस्त्रीचा नंबर सापडतो. दोन वर्षांत गोहलपुरातल्या प्रत्येक कारखानदाराकडे, त्याच्या पोराकडे आणि त्याच्या मेहुण्याकडे देवीदासचा नंबर पोचला होता. सकाळी तोंडात दातून असताना फोन, जेवताना फोन, विहारात वंदना चालू असताना फोन. आणि प्रत्येकाचं एकच: "भैया, पैसा तो भेज दिया था ना? फिर वही आवाज कर रही है।" चार महिन्यांपूर्वी दिलेल्या शंभर रुपयांत त्यांनी जणू माणूसच विकत घेतला होता.

"आमच्याकडे पण ऑन-कॉल असतो पप्पा," वसुधा म्हणाली. ती बंगळुरूच्या एका कंपनीचं काम घरूनच करायची. कोणाचा तरी सर्व्हर बसला की तिचा फोन किंचाळायचा. "सब जगह ऐसा ही है."

"तुझी पाळी कधी येते?"

"चार हफ्त्यांतून एक."

"त्याचे वेगळे पैसे?"

"मिळतात ना."

"मग माझी पाळी कधी संपते ते सांग. कोणाले विचारू मी?"

वसुधाने लॅपटॉप मिटला. तिची आई शरयू आतून म्हणाली, "फोन बंद करून ठेवा ना मग. एवढं काहून तापून राहिले?" पण फोन बंद ठेवला तर नफीस सेठचा फोनही बंद होतो, हे तिलाही माहीत होतं. नफीस सेठकडे चाळीस मशीन होत्या. घरात येणारा निम्मा पैसा तिथून येत होता.

आठच दिवसांनी त्या नफीस सेठनेच त्याला गादीवर बसवून चहा मागवला. सेठ फुकट चहा पाजत नसे.

"देवीदास भैया, जमाना बदल गया। मशीनवाली कंपनी ने ऐप निकाला है। अब से जो मिस्त्री ऐप पे, वही मेरी मशीन खोलेगा। हिसाब साफ। मैं तो नगद रखता ही नहीं अब।"

"तीस साल से हिसाब गंदा था क्या सेठ?"

"अरे, तुम दिल पे मत लो। चाय पियो।"

देवीदासने चहा प्यायला आणि घरी येऊन वसुधाकडून ॲप टाकून घेतलं. त्यात एक हिरवा दिवा होता. सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत तो हिरवा राहिला पाहिजे. बोलावणं आलं की दोन मिनिटांत 'हो' म्हणायचं आणि चाळीस मिनिटांत पोचायचं. पहिल्याच दिवशी तो अंघोळीला गेला आणि बाहेर येईपर्यंत त्याचे गुण पाचावरून साडेचारावर आले होते. ओल्या अंगानेच तो फोनकडे बघत राहिला.

"आजा मेला तेव्हा कारखान्याने बापाले तीन दिवस सुट्टी दिली होती," तो शरयूला म्हणाला. "हा मले अंघोळीलेही सुट्टी देत नाही."

गुरुवारी दुपारी नफीस सेठकडूनच बोलावणं आलं. बावीस नंबरची मशीन. नवी मशीन, मोटर आत बसवलेली, डोक्यावर छोटा पडदा. त्यावर लाल आकडे आणि मशीन ठप्प. देवीदास पोचण्याआधीच ॲपने त्या आकड्यांवरून निदान करून ठेवलं होतं: आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड खराब. बदला. साडेआठ हजार.

बावीस नंबरवर अंजनी शिवत होती. चेरीतालची, घरची मराठीच. नगावर काम करायची, म्हणजे मशीन बंद तेवढा वेळ कमाई बंद. ती भिंतीला टेकून उभी होती.

देवीदासने बोर्डाला हातही लावला नाही. तो खाली वाकला. या मशीनचं डोकं उचललं की मशीन चालू नये म्हणून खाली एक बटण असतं. डोकं नीट बसलं की बटण दाबलं जातं. इथे डोकं बोटभर वर राहिलं होतं, कारण खाली घडी घातलेली एक चिंधी कोंबलेली होती. तेलाने काळी झालेली. त्याने ती दोन बोटांनी ओढली. टक्. लाल आकडे गेले.

"काका," अंजनी हळूच म्हणाली, "चिंधीचं सांगू नका ना सेठले. तेल गळते हो. पांढरा माल आहे. डाग पडला की नग माझ्याच अंगावर येते."

देवीदासला ते माहीत होतं. बावीस नंबरचं तेल अडवणारं सील गेलेलं आहे, हे त्याने सेठला दिवाळीआधीच सांगितलं होतं. संक्रांतीला पुन्हा सांगितलं. दोन्ही वेळा सेठ म्हणाला होता, चलने दो.

सेठ तोवर मागे येऊन उभा होता. चाळीस वर्षं मराठी माणसांत धंदा केलेला माणूस. त्याला बोलता येत नव्हतं, पण समजत सगळं होतं.

"अच्छा, तो चिंदी थी," तो म्हणाला. "ऐप में डाल दो और बंद करो काम।"

देवीदासने फोन काढला. काम संपवायला ॲपला खराब भागाचा फोटो हवा होता. त्याने चिंधीचा फोटो काढला. उत्तर आलं: पार्ट पहचाना नहीं गया, कृपया दोबारा फोटो लें. त्याने दुसऱ्या बाजूने काढला. तेच. मग दोनच चौकोन उरले. एकात 'पार्ट खराब', दुसऱ्यात 'ऑपरेटर की गलती'. तेल गळतं, सील बदला, मालकाला दोनदा सांगितलं, यासाठी चौकोन नव्हता.

"दूसरा दबाओ," सेठ म्हणाला. "तुम्हारे साढ़े तीन सौ आ जाएँगे। मैं इसके हफ्ते में से काट लूँगा। बात खतम।"

"गलती इसकी नहीं है।"

"तो पहला दबाओ। कंपनी बोर्ड भेज देगी।"

"बोर्ड भला-चंगा है।"

"तो तुम चाहते क्या हो भैया?"

"सौ रुपये। नगद। और सील मँगाओ।"

"बोला ना, नगद नहीं रखता। और ऐप में काम बंद किए बिना तुम्हारा खाता मेरे यहाँ बंद। चालीस मशीन, सोच लो।"

आजूबाजूच्या मशीन थांबल्या होत्या. अंजनीने कमरेचा बटवा उघडून पन्नासची नोट काढली आणि पुढे केली. तिथे देवीदासचा ताबा सुटला.

"तू काहून देतेस? मशीन तुझी आहे? तेल तू पाडलं? ठेव आत!" तो असा ओरडला की ती दचकली. त्याला सेठवर ओरडायचं होतं, आवाज भलतीकडे गेला. हे त्याच्याही लक्षात आलं आणि राग आणखी चढला.

त्याने दोन्ही चौकोन तसेच सोडले. सेठच्या देखत ॲप काढून टाकलं. ते कसं काढायचं हे त्याला नीट माहीत नव्हतं, त्यामुळे जरा वेळ लागला आणि सेठ तेवढा वेळ हसत उभा राहिला. मग देवीदास मशीनखाली आडवा झाला, पेन्सिल काढली आणि फळीवर तारखेपुढे लिहिलं: 'बोर्ड चांगला. सील गेलं आहे. तिसऱ्यांदा सांगितलं.' पेटी उचलली आणि जिना उतरला.

घरी वसुधाने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पप्पा, पहिला दाबला असता तर कोणाचं काय गेलं असतं? सेठ अमीर आहे."

"उद्या कोणी विचारलं, हा बोर्ड कोणी खराब सांगितला, तर नाव कोणाचं येईल?"

"ॲपचं."

"ॲपचं नाही. माझं. सही माझी घेते ते."

शरयूने पोळी वाढली. "चाळीस मशीन गेल्या," ती म्हणाली. ती रागावलेली नव्हती, मोजत होती.

शनिवारी कंपनीचा माणूस आला आणि त्याने बोर्ड बदलला. 'पार्ट खराब' दाबलं. बावीस नंबर चालू झाली. तेल गळतच होतं. सोमवारी अंजनीने नवी चिंधी कोंबली आणि अकराच्या सुमारास पडद्यावर तेच लाल आकडे आले. हे सगळं देवीदासला अंजनीकडूनच नंतर कळलं. त्याला त्या वेळी कळलं ते एवढंच, की तो घमापूरच्या बाजारात मेथी घेत असताना नफीस सेठचा फोन वाजू लागला. त्याने मेथी निवडली, नगद पैसे दिले, मग उचलला.

"भैया, आ जाओ। ऐप-वैप छोड़ो। परसों माल जाना है।"

"कल सुबह नौ बजे."

"अभी आओ ना यार!"

"नौ बजे. सील मँगा के रखो. नगद रखो."

सेठने शिवी दिली. देवीदासने ऐकली आणि म्हणाला, "नौ बजे."

मंगळवारी तो नऊला पाच कमी असताना जिना चढला. सील आलेलं होतं. ते बदलायला त्याला पाऊण तास लागला. पांढऱ्या कापडाचा तुकडा सुईखाली घालून त्याने दहा मिनिटं मशीन पळवली आणि तो तुकडा अंजनीच्या हातात दिला. तिने उलटसुलट करून पाहिला. डाग नव्हता.

सेठकडे खरंच नगद नव्हतं. त्याने खालच्या चहावाल्याकडून उसने मागवले आणि चुरगळलेल्या नोटा पुढे केल्या. "बाकी उनतालीस ऐप ही देखेगा," तो म्हणाला. "ये एक तुम्हारी जिद की है।"

"उनतालीस में से ग्यारह के सील गए हैं," देवीदास म्हणाला. "नंबर बताऊँ?"

देवीदासने नोटा न मोजता खिशात टाकल्या, मशीनखाली शिरला आणि आधीच्या ओळीखाली तारीख घालून लिहिलं: 'सील बदललं. चिंधी लागत नाही.' पेन्सिलीचं टोक मोडेपर्यंत त्याने ते दाबून लिहिलं.