मामाचं नदीकाठचं गाव

मामा तरुणपणी दोन वर्षं इंग्लंडात राहून आला होता. शिक्षकांना तिकडं प्रशिक्षणाला पाठवत, त्यात त्याचा नंबर लागला. वाट्याला लंडन आलं नाही, नदीच्या वळणावरचं एक लहानसं, सदा ओलसर गाव आलं. परतल्यावर तो पुण्यात डेक्कनकडच्या एका शाळेत इतिहास शिकवू लागला, लग्न झालं, कसब्यात तांबटांच्या वस्तीमागं नदीच्या अंगाला दोन खोल्यांत संसार थाटला. पानशेतचं धरण फुटलं त्या सकाळी मामी आणि त्यांची लहान मुलगी घरी होत्या. मामा शाळेत गेला होता. पूल पाण्याखाली गेले आणि तो पलीकडच्या काठावर राहिला.

दोघीही गेल्या. मामी सापडली, मुलगी सापडली नाही.

नंतर आई मला घेऊन त्याच्याकडं राहायला आली. वडिलांची नोकरी बदलीची, त्यामुळं 'पोरीच्या शाळेसाठी' असं लोकांना सांगता आलं. मामाला पूरग्रस्तांच्या वसाहतीत घर मिळालं होतं. पत्र्याचं, पिंप उभं चिरून पालथं घालावं तसं. पाऊस लागला की पत्र्यावर असा आवाज व्हायचा की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नसे. मग मामा उठून बाहेर जाऊन भिजत उभा राहायचा. आई त्याला हाक मारायची नाही. पंचा काढून ठेवायची.

बाकी संध्याकाळी तो मला त्या इंग्लंडातल्या गावाचा इतिहास सांगायचा. शाळेत शिकवावा तसा नाही, शेजारच्या घरातलं सांगावं तसा. आधी तिथं गाव नव्हतंच, नुसता नदीला उतार होता, गुरं तिथून पलीकडं नेत. मग रोमन आले, त्यांनी दगडी रस्ता केला. ते निघून गेले आणि रस्त्यावर गवत माजलं. पुढं ख्रिस्ती साधूंनी मठ बांधला, पाण्यावर फिरणारी चक्की घातली. सगळ्यांनी दळण तिथंच आणायचं. कुणी घरी दळलं तर मठाची माणसं येऊन जातं उचलून नेत.

"साधू असून?" मी विचारायची.

"साधूंनाही दळणावळ लागते," मामा म्हणायचा.

मग प्लेग आला, गल्ल्याच्या गल्ल्या ओस पडल्या. पुढं एका राजानं मठच मोडीत काढला, तेव्हा लोकांनी त्याचे दगड नेऊन आपापली घरं बांधली. लोकरीचे दिवस आले. मालानं भरलेल्या सपाट नावा काठावरून घोडे ओढत नेत. रेल्वे आली आणि त्याच नावा काठाला बांधल्या जागी कुजून गेल्या.

या सगळ्या काळांत त्या गावात तांबटांची एक गल्ली होती. तिथं एक बाई आपल्या लहान मुलीबरोबर राहायची. रोमनांच्या वेळी राहायची, प्लेगच्या वेळी राहायची, रेल्वे आली तेव्हाही होती. प्रत्येक काळात नदीला पूर यायचा, चर्चची घंटा वाजायची, आणि ती बाई मुलीला कडेवर घेऊन वेळेत टेकडीवर पोचायची. चर्च नव्हतं तेव्हा कुणीतरी शिंग फुंकायचं.

"पण मामा, ती म्हातारी कशी होत नाही?"

"तिथली हवा चांगली आहे."

आत आईचं भांडी घासणं थांबायचं. मला वाटायचं, तीही गोष्ट ऐकतेय.

माझं लग्न झालं, मुलं झाली. नंतर ह्यांना कंपनीनं काही महिने इंग्लंडला पाठवलं, तेव्हा मीही गेले. एके दिवशी एकटीच आगगाडीनं मामाच्या गावी पोचले. नदीला उतार होता. घरांच्या भिंतींत मठाचे कोरीव दगड खरंच होते, एका गॅरेजच्या कोपऱ्यात तर दगडी देवदूताचं अर्धं तोंड होतं. जुन्या कोठारात छोटं संग्रहालय होतं आणि तिथं एक वयस्कर बाई बसल्या होत्या. मी त्यांना तांबटांची गल्ली विचारली.

त्यांनी डोकं हलवलं. या गावात कातडी कमावणारे होते, रंगारी होते, नावा बांधणारे होते. तांबट कधीच नव्हते.

मी पुराचं विचारलं. त्या मला चर्चच्या भिंतीपाशी घेऊन गेल्या. भिंतीवर पाण्याच्या पातळीच्या रेघा कोरल्या होत्या, आणि सगळ्यांत उंच रेघेखाली नावांची शिळा होती. बरीच नावं लहान मुलांची होती.

"घंटा वाजली नव्हती का?" मी विचारलं.

"वाजवायला कुणी पोचलंच नाही," त्या म्हणाल्या.

परतीच्या गाडीची वाट बघत मी नदीकाठी बसले. पाणी शांत होतं, बदकं पोहत होती. लहानपणी ऐकलेली ती बाई कोण, हे मला तेव्हा कळलं, आणि इतकी वर्षं ते कसं कळलं नाही याचंच नवल वाटत राहिलं.

पुण्याला आल्यावर मी मामाकडं गेले. तो थकला होता, आई त्याचं करत होती. गावाबद्दल तो उत्सुकतेनं विचारत राहिला. पूल तोच आहे का, चक्कीचं चाक आहे का. मग म्हणाला, "आणि तांबटांची गल्ली?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. मला खोटं बोलवेना.

"मामा, तिथं तशी गल्ली नव्हती."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "दोन वर्षं राहिलोय मी तिथं."

मग त्यानं पहिल्यांदा त्या सकाळचं सांगितलं. पलीकडून त्याला आपली गल्ली दिसत नव्हती, नुसतं गढूळ पाणी आणि त्यातून वाहत चाललेल्या तुळया. दुसऱ्या दिवशी चिखलातून घरापाशी पोचला तर भिंती नव्हत्या, वाटीएवढी एक चप्पल कुणाची तरी पडली होती. मुलीची नव्हती. तरी त्यानं ती उचलून घेतली होती.

"त्यांच्याकडं शिळा आहे," तो म्हणाला. "जाऊन हात लावता येतो. मी कुठं जाऊ?"

आई म्हणाली, "दादा, पुरे आता. पड जरा."

तो पडला. मला पुन्हा त्या गावाविषयी त्यानं काही विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. त्या हिवाळ्यात तो गेला. आपलं काहीही नदीत सोडायचं नाही, एवढं त्यानं आईला बजावून ठेवलं होतं. भटजी कुरकुरले, नातेवाईकांनी नावं ठेवली. आई कुणाशी वाद घालत बसली नाही. तिनं आणि मी अस्थी पर्वतीमागच्या उतारावर नेल्या, कडुनिंबाखाली घरून आणलेल्या उलथन्यानं खड्डा केला. जमीन कडक होती. तरी आईनं उलथनं मला दिलं नाही.