पोस्टकार्डाएवढी फट

शिडाची बोट बांधायचं खूळ माझं, पण ते डोक्यात घेतलं आबांसाठी. आबा म्हणजे माझे वडील. त्यांनी भडगावात उभा जन्म बैलगाड्या बनवल्या. आई गेल्यावर मी त्यांना जळगावला आणलं, तर नुसते भिंतीकडे बघत बसायचे. हाताला काम लागलं तर माणूस उठेल, या आशेवर मी सागाच्या फळ्या आणल्या आणि अंगणात पत्रा टाकला. शेजाऱ्यांनी भरपूर मजा घेतली. "इथं नळाला पाणी नाही आणि तुम्ही बोट काढणार!"

पण आबा उठले. खरंच उठले. लाकूड तासायचा वाकस हातात आल्यापासून भाकरीही मागून खाऊ लागले. मला कोण आनंद झाला!

फळ्या जडवून झाल्या आणि मी हबकलो. दर दोन फळ्यांमध्ये पोस्टकार्ड सरकेल एवढी फट. तिच्यातून पलीकडचं ऊन दिसत होतं. मोबाइलवर पाहिलेल्या बोटीच्या आराखड्यात असलं काही नव्हतं. आबांना विचारलं तर म्हणाले, "राहू दे." का, ते त्यांना सांगता येईना.

मी मुळात उतावळा, त्यात मोबाइलचा शहाणा. दुपारी ते झोपले असताना लाकूड चिकटवायच्या रेझिनमध्ये भुसा कालवला आणि सगळ्या फटी गच्च भरून टाकल्या. उठल्यावर त्यांनी सांध्यावरून अंगठा फिरवला. मी म्हणालो, "आबा, आते तुमना हातनी चूक व्हवाले लागनी." ते "बरं" म्हणाले, हत्यारं पिशवीत भरली आणि आत गेले. पुन्हा अंगणात आले नाहीत. शीड मी एकट्यानंच चढवलं.

बोट टेम्पोतून भडगावला नेली, गिरणेच्या डोहात सोडली आणि काठावरच्या बाभळीला बांधून ठेवली. तिसऱ्या दिवशी गेलो तर ती पाण्यात बसलेली. तळाच्या दोन फळ्या खिळ्यांसकट उचकटल्या होत्या. मे महिन्याच्या उन्हात खडखडीत वाळलेलं लाकूड पाणी पिऊन फुगलं. त्या फुगण्यानं फटी आपोआप मिटल्या असत्या, पण फुगायला मी जागाच ठेवली नव्हती. हे मला, गाड्या बनवणाऱ्याच्या पोराला, कळू नये? उन्हाळ्यात चाकं ढिली झाली की "चाकं डोहमा टाकी ये," म्हणून आबा मलाच पिटाळायचे. भिजलं की लाकूड फुगायचं आणि लोखंडी धावेत, म्हणजे चाकाभोवतीच्या पट्टीत, घट्ट बसायचं. माझी मलाच चीड आली.

तसाच चिखलाच्या पायांनी घरी आलो. "आबा, तुमनंच खरं व्हतं," म्हणालो. फट कशासाठी हवी होती, तेही मीच त्यांना समजावलं. आबा ऐकत राहिले. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते.

मग म्हणाले, "तू बोलना, तवय माले वाटनं, हातच बिघडी ग्यात. आठ दिन व्हयनात, चहाना कपबी धराले भ्याव वाटस."