मंडेकाका आणि कोपऱ्यावरचा बिन

मंडेकाका माणसांना त्यांच्या बिनवरून, म्हणजे घरासमोरच्या कचऱ्याच्या डब्यावरून ओळखायचे. वेरिबी या परदेशातल्या आमच्या उपनगराच्या मराठी मंडळात गणपतीच्या आरतीनंतर आमची पहिली ओळख झाली. मी नाव सांगितलं, गल्ली सांगितली. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे बावीस नंबर. तुमचा बिन नेहमी झाडाला चिकटून असतो. दोन फूट पुढे ठेवत जा, माझा हात अडकतो." हात म्हणजे ट्रकचा लोखंडी हात, हे मला जरा उशिरा कळलं.

आमच्या भागात कचऱ्याचा ट्रक सोमवारी यायचा आणि तो ते चालवायचे, म्हणून मंडळातल्या मुलांनी त्यांचं नाव मंडेकाका ठेवलं होतं. पिंपरीच्या एका कारखान्यात ते सुपरवायझर होते. त्यांची बायको सुनीताकाकू नर्स, तिच्या व्हिसावर सगळं कुटुंब इथे आलं. वर्षभर काकांनी इंटरव्ह्यू दिले आणि मग एक दिवस हेवी व्हेइकलचं लायसन्स काढून घरी आले. मंडळात काही जण ही गोष्ट आवाज खाली आणून सांगायचे. त्यांत मीही होतो. काका स्वतः मात्र मोठ्याने सांगायचे, "इथल्या ट्रकला दोन स्टिअरिंग असतात. हायवेला उजवीकडे बसायचं, गल्लीत शिरलं की डावीकडे, फुटपाथला लागून. पिंपरीत माझ्या हातात एकसुद्धा नव्हतं."

मी शहरातल्या एका छोट्या स्टुडिओत व्हिडिओ गेम बनवतो. बंदुकांचे नाहीत, साध्या गाड्या चालवायचे. आधी बस केली होती, मग ट्रॅक्टर. त्या वर्षी कचऱ्याचा ट्रक होता. ट्रक हुबेहूब झाला होता, पण खेळून बघायला बोलावलेली माणसं वीस मिनिटांत उठून जायची. आमचा बॉस डॅनियल म्हणायचा, "ट्रक चांगला आहे, मेट. दिवस कंटाळवाणा आहे." कोणी सुचवलं, बिन उडवले की फटाके फुटू देत. कोणी म्हणालं, पोलिसांचा पाठलाग टाकू. मला मंडेकाका आठवले. एका शनिवारी लॅपटॉप आणि खेळातलं स्टिअरिंग घेऊन मी त्यांच्या गराजमध्ये गेलो.

काकांनी दोन गल्ल्या चालवल्या आणि थांबले. "ह्या गावात कोणी राहत नाही का रे?"

"म्हणजे?"

"सगळे बिन एका रेषेत, सगळ्यांची तोंडं बरोबर रस्त्याकडे, झाकणं बंद. इतकी शहाणी माणसं कुठे राहतात ते सांग, मी बदली मागतो."

मग सहा-सात शनिवार मी जात राहिलो. काका बोलायचे, मी लिहून घ्यायचो. कोण बिन उलटा ठेवतो, कोण दोन गाड्यांच्या मधल्या फटीत कोंबतो. कोणाचं झाकण पिझ्झाच्या खोक्यांमुळे बंद होत नाही. ट्रकचा आवाज ऐकून गाऊनवर धावत येणारी बाई, आणि तिच्यासाठी किती सेकंद थांबायचं. वसंत ऋतूत डोक्यावर झडप घालणारे मॅगपाय पक्षी, ज्यांच्या भीतीने एका गल्लीतला माणूस बादली डोक्यावर घालून बिन आणतो. "मजा ट्रक चालवण्यात नसते," ते म्हणायचे. "तो काय, कोणीही चालवेल. गल्ली ओळखीची झाली की मजा येते." आम्ही हे सगळं गेममध्ये घातलं. माणसं तासभर उठेनाशी झाली. डॅनियल खूश झाला आणि मी काकांना मिठाईचा डबा नेऊन दिला.

त्याच दिवशी, डबा बाजूला ठेवून, त्यांनी मला कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांबद्दल सांगितलं. एकटे राहायचे. त्यांचा बिन सगळ्यांच्या आधी बाहेर, धुतलेला. आणि ते स्वतः लेटरबॉक्सजवळ उभे. ट्रक आला की दोन बोटं कपाळाला लावायचे. कधी एक शब्द बोलणं झालं नाही, पण चार वर्षं ती दोन बोटं चुकली नव्हती. एका सोमवारी ना बिन, ना ते. काकांनी ब्रेकवर पाय ठेवलासुद्धा. पण त्या दिवशीची फेरी अकरा मिनिटं मागे होती, डेपोतून दोनदा विचारणा झाली होती. कोणा नातेवाईकाकडे गेले असतील, असं समजून काका पुढे गेले. पुढच्या सोमवारीही बिन नव्हता. मग मात्र ते उतरले, दार वाजवलं, पोलिसांना फोन केला. म्हातारे गृहस्थ स्वयंपाकघरात मरून पडले होते. पडल्यावर दोन-तीन दिवस जिवंत असावेत, असं नंतर समजलं. पडले होते ते पहिल्या सोमवारच्या आदल्या दिवशी.

"त्यांची मुलगी डेपोत आली होती," काका म्हणाले. "माझे दोन्ही हात धरून म्हणाली, थँक यू फॉर स्टॉपिंग. बाकी कोणाच्या लक्षातही आलं नाही, म्हणाली. मी मान हलवली. पहिल्या सोमवारचं तिला सांगितलं नाही. सुनीतालाही नाही. तुला का सांगतोय कोण जाणे."

मी निदान त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता. पण खोटं कशाला लिहू, त्या क्षणी माझ्या डोक्यात एक गोष्ट आकार घेत होती. सोमवारी ऑफिसला जाताना, ट्रेन न्यूपोर्ट स्टेशनला पोचेपर्यंत माझा पूर्ण आराखडा लिहून झाला होता. कोपऱ्यावरचं घर. एके दिवशी बिन बाहेर नाही. खेळणारा लगेच थांबून उतरला तर ॲम्ब्युलन्स येते, म्हातारा वाचतो, पाचशे पॉइंट मिळतात. पुढे गेला, तर दुसऱ्या आठवड्यात दारात पोलिसांची गाडी आणि पडदे ओढलेले. मीटिंगमध्ये मी हे मांडलं तेव्हा खोलीत कोणी हललं नाही. डॅनियलने विचारलं, "हे सुचलं कुठून?"

"असंच," मी म्हणालो.

गेम चालला. त्याचं कारण कोपऱ्यावरचं घर हेच होतं. लोक स्वतः खेळतानाचे व्हिडिओ टाकायचे, रडायचे. काही जण दुसरा शेवट बघायला मुद्दाम पुढे जायचे आणि हसायचे. मी मंडेकाकांना काहीच कळवलं नाही. त्यांच्याकडे जाणंही कमी केलं. काम आहे, असं सांगायचो. ते म्हणायचे, "असू दे, असू दे. गेम झाला की दाखव."

दाखवला त्यांच्या मुलीने. ऋचा युनिव्हर्सिटीत शिकत होती. बाबांच्या वाढदिवसाला तिने गेम आणि स्टिअरिंग आणलं, टीव्हीला जोडलं आणि मला फोन केला, "यू हॅव टू बी हिअर. बाबा इतके एक्सायटेड आहेत." नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही. रविवारी दुपारी काका नवा शर्ट घालून टीव्हीसमोर बसले होते. बादलीवाला माणूस आला तेव्हा ते इतके हसले की सुनीताकाकू स्वयंपाकघरातून बघायला आल्या. "माझा आहे तो," त्यांनी काकूंना सांगितलं. "मी दिला ह्याला."

मी सोफ्याच्या कडेला बसून पुढची गल्ली मोजत होतो. उठून प्लग काढावा, असंही मनात आलं. पण बसून राहिलो. ट्रक कोपऱ्यावर आला. लेटरबॉक्स होता, बिन नव्हता.

काका थांबले. क्षणाचाही विचार न करता थांबले, उतरले, दार वाजवलं. ॲम्ब्युलन्स आली. घंटी वाजली आणि पडद्यावर पाचशे पॉइंट झळकले.

"बाबा, यू गॉट इट," ऋचा म्हणाली. "फर्स्ट टाइम मोस्ट पीपल मिस इट."

पडद्यावर पुढचा आठवडा सुरू झाला. म्हातारा काठी घेऊन लेटरबॉक्सजवळ उभा होता. त्याने दोन बोटं कपाळाला लावली. काकांचे हात स्टिअरिंगवरच होते. ते माझ्याकडे वळले नाहीत. हळू म्हणाले, "बोटंसुद्धा घातलीस." मग ऋचाला म्हणाले, "चहा टाक गं सगळ्यांना."

निघताना ते मला गाडीपर्यंत सोडायला आले. मी म्हणालो, "काका, मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"हो," ते म्हणाले.

मग म्हणाले, "गेम चांगला झालाय. पण तिने पाहिला तर? त्यांच्या मुलीने?"

"कोणाला कळणार आहे काका. इतक्या लोकांनी खेळलाय, कोणी ओळखलं नाही."

"ती आता इथंच राहायला आलीय, दोन गल्ल्या सोडून. घर तेच, लेटरबॉक्स तोच. तिला एवढंच दिसेल की थांबलं असतं तर वाचले असते."

दुसऱ्या दिवशी मी डॅनियलला म्हणालो, ते घर पुढच्या अपडेटमध्ये काढून टाकू या. त्याने का म्हणून विचारलं. सांगायचं तर ती गोष्ट माझी नाही, हे सांगावं लागलं असतं. "जाऊ दे, नो वरीज," मी म्हणालो आणि जागेवर जाऊन बसलो. त्यापेक्षा जास्त लाज वाटावी असं मी आयुष्यात काही केलेलं नाही. गोष्ट चोरली तेव्हा निदान मला ती चोरी वाटली नव्हती.

दोन आठवड्यांनी धीर करून त्यांच्या घरी गेलो. काका गराजमध्ये बूट पुसत होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "सांगून आलो त्यांच्या मुलीला, पहिल्या सोमवारचं. तिने गेम पाहिला नव्हता. म्हटलं, त्याच्याआधी माझ्याकडून कळू दे."

"काय म्हणाल्या?"

"विचारलं, त्या सोमवारी का थांबला नाहीत. म्हटलं, अकरा मिनिटं उशीर झाला होता." त्यांनी फडकं झटकलं. "ती बराच वेळ दारात उभी होती. मग आत गेली. दार आपटलं वगैरे नाही."

मग काकांनी विचारलं, "हे पण घालणार आहेस का?"

चिडून विचारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण ते चिडले नव्हते. त्यांना फक्त आधी कळायला हवं होतं.

"नाही काका," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि दुसरा बूट उचलला. आम्ही आजही भेटतो, मंडळात, कधी दुकानात. ते माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करतात, थंडी वाढली म्हणतात. त्यांच्या कामाबद्दल ते माझ्यासमोर पुन्हा एक शब्द बोललेले नाहीत.